मॉलमधली खरेदी २१ टक्क्यांनी वाढली, मग फिनिक्स मिल्सचा नफा का घटला?

मुंबईतल्या लोअर परळपासून पुण्यातल्या वाकडपर्यंत आणि बंगळुरूपासून लखनौपर्यंत 'फिनिक्स' नावाचे मॉल चालवणाऱ्या कंपनीचे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे आकडे वरवर पाहिले, तर ते एकमेकांशी भांडताना दिसतात. या मॉलमधल्या दुकानांनी वर्षभरात केलेली विक्री २१ टक्क्यांनी वाढून सुमारे १३,७६२ कोटी रुपयांवर गेली. पण 'द फिनिक्स मिल्स लिमिटेड'चा स्वतःचा महसूल ३,९७८ कोटींवरून ३,८१४ कोटींवर आला आणि भागधारकांच्या वाट्याचा निव्वळ नफा १,०९९ कोटींवरून ९८४ कोटींवर, म्हणजे जवळपास १० टक्क्यांनी खाली घसरला.

गर्दी वाढली, बिलं वाढली, मग पैसा गेला कुठे?

या प्रश्नाचं उत्तर फक्त शेअर बाजारात रस असणाऱ्यांच्या कामाचं आहे असं नाही. म्युच्युअल फंडांच्या मार्गानं या कंपनीत अनेकांची बचत गुंतलेली असते. मॉलमध्ये गाळा घ्यावा का, याचा विचार करणाऱ्या दुकानदारालाही मॉलचा मालक नेमका कशावर कमावतो हे माहीत असलेलं बरं.

मॉलची कंपनी नेमकं काय विकते?

मॉलमधले शर्ट, मोबाइल किंवा पिझ्झा ही कंपनी विकत नाही. ती जागा भाड्यानं देते. वर दिलेल्या १३,७६२ कोटींना कंपनीच्या भाषेत 'कन्झम्प्शन' म्हणतात आणि ती दुकानदारांची विक्री असते. कंपनीच्या हाती येतं ते त्यातून मिळणारं भाडं. २०२४-२५ मध्ये मॉलमधून मिळालेलं हे भाडं सुमारे १,९५१ कोटी रुपये होतं. म्हणजे ग्राहकानं दुकानात खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे साधारण १४ पैसे जागेच्या मालकाकडे गेले.

हे भाडं ठरतं कसं? मोठ्या मॉलमध्ये बहुतेक करारांत दोन भाग असतात. एक, किमान हमी भाडं. विक्री होवो न होवो, ते द्यावंच लागतं. दुसरा, विक्रीतला ठरलेला टक्का. या दोन्हींपैकी जी रक्कम मोठी, ती मालकाला मिळते.

समजा, एका कपड्यांच्या दुकानाचं किमान भाडं महिन्याला ५ लाख आहे आणि विक्रीतला वाटा १५ टक्के. एखाद्या मंदीच्या महिन्यात विक्री ३० लाख झाली, तर १५ टक्क्यांनी साडेचार लाख होतात. पण दुकानदाराला ५ लाखच भरावे लागतील. दिवाळीच्या महिन्यात विक्री ५० लाखांवर गेली, तर मात्र भाडं साडेसात लाख होईल. थोडक्यात, पडत्या काळाचा फटका आधी दुकानदाराला बसतो आणि चढत्या काळातला वाटा मालकालाही मिळतो. वीज, एसी, सुरक्षा, साफसफाई यांसाठीचा देखभाल खर्च वेगळा. लहान ब्रँड मॉलमध्ये मोठ्या हौसेनं जागा घेतात आणि वर्ष-दोन वर्षांत बाहेर पडतात, त्याचं एक कारण या किमान हमीत सापडतं.

विक्रीत वाटा असल्यामुळे कोणतं दुकान काय विकतंय याकडे मॉलमालकाचं बारीक लक्ष असतं. प्रति चौरस फूट विक्री कमी असलेलं दुकान करार संपताच हलवायचं, त्या जागी जास्त विकणारा ब्रँड आणायचा, हे काम सतत सुरू असतं. आवडतं दुकान अचानक पत्र्यांनी झाकलेलं दिसतं आणि 'लवकरच येत आहे' असा फलक झळकतो, त्यामागे बऱ्याचदा हाच हिशेब असतो.

मग महसूल का घटला?

याचं उत्तर मॉलमध्ये नाही, बंगळुरूतल्या फ्लॅटमध्ये आहे.

मॉलचं भाडं एका वर्षात १,६५९ कोटींवरून १,९५१ कोटींवर गेलं, म्हणजे २९२ कोटींची भर पडली. तरीही एकूण महसूल १६४ कोटींनी घटला. साधी बेरीज-वजाबाकी केली, तर भाड्याव्यतिरिक्तच्या खात्यांत मिळून साडेचारशे कोटींहून मोठा खड्डा पडलेला दिसतो. या खात्यांत हॉटेलं आहेत, कार्यालयांची जागा आहे आणि घरविक्री आहे. खड्डा मुख्यतः घरविक्रीचा आहे.

बंगळुरूत कंपनीचे 'वन बंगलोर वेस्ट' आणि 'केसाकू' हे महागड्या घरांचे प्रकल्प आहेत. २०२३-२४ मध्ये तिथल्या विक्रीची मोठी रक्कम हिशेबात आली आणि त्या वर्षाचा महसूल २,६३८ कोटींवरून एकदम ३,९७८ कोटींवर, म्हणजे दीडपट झाला. घर एकदा विकलं की त्याचं उत्पन्न एकदाच दिसतं. दुकानाचं भाडं मात्र दरमहा येतं. त्यामुळे २०२३-२४ च्या उडीवर हुरळून जाणं जितकं चूक होतं, तितकंच २०२४-२५ ची घसरण पाहून घाबरणंही चूक आहे.

व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्यातून हे स्पष्ट दिसतं. २०२३-२४ मध्ये हा आकडा २,१७७ कोटी होता, २०२४-२५ मध्ये २,१६१ कोटी. फरक जेमतेम एक टक्का. महसूल घटूनही हा नफा टिकला, कारण भाड्याच्या रुपयात घरविक्रीच्या रुपयापेक्षा खर्च खूप कमी असतो. महसुलातल्या प्रत्येक शंभर रुपयांतून आदल्या वर्षी साधारण ५५ रुपये या पातळीवर उरत होते, आता ५७ उरतात.

अर्थात, २१ टक्क्यांच्या वाढीकडेही जरा थांबून पाहायला हवं. वाकडचा 'मॉल ऑफ द मिलेनियम' सप्टेंबर २०२३ मध्ये उघडला आणि बंगळुरूतला 'मॉल ऑफ एशिया' त्याच्या पुढच्या महिन्यात. म्हणजे २०२३-२४ मध्ये हे दोन्ही मॉल साधारण अर्धं वर्षच चालले, तर २०२४-२५ मध्ये पूर्ण बारा महिने. त्यामुळे वाढीचा एक भाग निव्वळ कॅलेंडरचा आहे. जुन्या मॉलची विक्री किती वाढली, हा प्रश्न कोणत्याही मॉल कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न असायला हवा. कंपन्या आपल्या सादरीकरणात मॉलनिहाय आकडे देतात, पण बातमीच्या मथळ्यात ते क्वचितच येतात.

नफ्यातला भागीदार

आता १० टक्क्यांच्या घसरणीतला दुसरा पदर. सर्व उपकंपन्या मिळून झालेला नफा पाहिला, तर तो सुमारे १,३२६ कोटींवरून १,३०० कोटींच्या आसपास आला. ही घसरण फक्त दोन टक्क्यांची. मग भागधारकांच्या वाट्याला १० टक्क्यांची घट का आली?

कारण सगळे मॉल पूर्णपणे फिनिक्सचे नाहीत. २०१७ मध्ये कंपनीनं 'आयलंड स्टार मॉल डेव्हलपर्स' या उपकंपनीत कॅनडाच्या पेन्शन फंडाला, म्हणजे सीपीपी इन्व्हेस्टमेंट्सला, भागीदार करून घेतलं. ४९ टक्क्यांपर्यंतच्या हिश्शासाठी तेव्हा सुमारे १,६६० कोटी रुपयांचा करार झाला होता. त्या पैशातून जमिनी घेतल्या गेल्या, मॉल उभे राहिले. वाकड, इंदूर आणि बंगळुरूचे दोन मॉल याच भागीदारीत आहेत. कुर्ला आणि पुण्याच्या विमाननगरमधल्या मॉलमध्ये सिंगापूरच्या जीआयसीचा पैसा आहे.

हिशेबाच्या नियमानुसार या मॉलचं संपूर्ण भाडं फिनिक्सच्या एकत्रित महसुलात धरलं जातं, पण नफ्यातला भागीदाराचा वाटा शेवटी वेगळा काढावा लागतो. २०२४-२५ मध्ये वाढ जिथून आली, त्या नव्या मॉलमध्ये नेमका जवळपास अर्धा वाटेकरी बसला होता. साहजिकच भागीदारांच्या ताटात जास्त पडलं आणि फिनिक्सच्या भागधारकाच्या ताटात कमी.

हे ओळखूनच कंपनीनं पुढचं पाऊल टाकलं. जुलै २०२५ मध्ये संचालक मंडळानं सीपीपीचा हा ४९ टक्के हिस्सा तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं ५,४४९ कोटी रुपयांना परत विकत घेण्यास मंजुरी दिली. नवे मॉल उभे राहण्याआधी विकलेला हिस्सा मॉल भरल्यावर परत घेणं स्वस्त पडत नाही, हे यातून दिसतंच. पण तेव्हा तो विकला नसता, तर इतके मॉल इतक्या लवकर उभेही राहिले नसते.

आता खरा प्रश्न पैशाचा आहे. कंपनीचं एकत्रित कर्ज मार्च २०२५ अखेर ४ हजार कोटींच्या वर होतं. त्यात कोलकाता आणि सूरतचे मॉल, लोअर परळमधला विस्तार आणि पुणे-बंगळुरूतले कार्यालयांचे मनोरे यांचा खर्च सुरू आहे. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आणला, हे कंपनीच्या पथ्यावर पडलं. पुढच्या भाड्याच्या तारणावर घेतलेली कर्जं व्याजदराला हळवी असतात. दर उतरले की फायदा, चढले की फटका. हिस्सा परत घेण्याच्या तीन वर्षांत मॉलची विक्री मंदावली, तर हप्ता आणि बांधकाम दोन्ही एकाच वेळी ओढावं लागेल. २०२५-२६ आणि त्यापुढच्या वर्षांचे निकाल वाचताना नजर ठेवायची ती इथे.

लाभांश इतका कमी का?

२०२४-२५ साठी कंपनीनं प्रति शेअर अडीच रुपये लाभांश जाहीर केला. आदल्या वर्षी तो ५ रुपये होता. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस शेअर दिल्यामुळे ज्याच्याकडे एक शेअर होता त्याच्याकडे दोन झाले. म्हणजे हातात पडणारी रक्कम तेवढीच राहिली. एकूण लाभांश ९० कोटींच्या घरात जातो. ९८४ कोटींच्या नफ्यापुढे हे दहा टक्केही नाही. उरलेला पैसा नव्या मॉलमध्ये जातो.

याच धंद्यातला दुसरा नमुना म्हणजे 'नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट'. मे २०२३ मध्ये शेअर बाजारात आलेला हा देशातला पहिला मॉलचा 'रीट', म्हणजे बांधून भाड्यानं दिलेल्या मालमत्तांचा ट्रस्ट. रीटला वाटपयोग्य रोख रकमेतला किमान ९० टक्के भाग गुंतवणूकदारांना द्यावाच लागतो. ज्याला दर तिमाहीला भाड्यासारखं उत्पन्न हवं, त्याच्यासाठी रीट. ज्याला पुढच्या वाढीवर डाव लावायचा आहे आणि थांबायची तयारी आहे, त्याच्यासाठी फिनिक्ससारखी कंपनी. निवृत्तीनंतरच्या खर्चाची तरतूद शोधणाऱ्यानं केवळ 'मॉलमध्ये गर्दी असते' म्हणून असा शेअर घेणं फारसं शहाणपणाचं नाही.

सगळेच मॉल चालतात का?

अजिबात नाही. नाईट फ्रँक या सल्लागार कंपनीनं २०२३ मध्ये ६४ 'घोस्ट मॉल' मोजले होते. ज्यांचा ४० टक्क्यांहून अधिक भाग ओस पडला आहे, असे हे मॉल. अनेक मॉल बसण्यामागे एक जुनं कारण आहे. बिल्डरनं गाळे सुटे सुटे विकून टाकले. शंभर गाळ्यांचे शंभर मालक झाले. मग कोणत्या मजल्यावर काय हवं हे ठरवणारा कुणी उरला नाही आणि एसीच्या बिलावरून भांडणं सुरू झाली. गाळे न विकता ते भाड्यानंच द्यायचे, या पद्धतीत पैसा उशिरा येतो. पण मॉलचा ताबा एका हातात राहतो.

फिनिक्सला हा उशीर परवडला त्यामागे जमिनीचा वाटा मोठा आहे. ही कंपनी १९०५ मध्ये लोअर परळमधली कापड गिरणी म्हणून सुरू झाली आणि १९५९ पासून मुंबई शेअर बाजारात नोंदलेली आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि गिरणगाव त्यातून पुन्हा उभं राहिलं नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, असं सूत्र आखलं होतं. २००१ च्या दुरुस्तीनं ते फक्त मोकळ्या जागेपुरतं राहिलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती वैध ठरवली. गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि मनोरे उभे राहिले ते या वाटेनं.

त्याच लोअर परळच्या आवारात आज कंपनीचा सर्वात जुना मॉल आणि 'सेंट रेजिस' हे हॉटेल उभं आहे. कंपनीच्या नावातला 'मिल्स' हा शब्द मात्र अजून तसाच आहे. आणि वाकडच्या मॉलच्या नफ्यातला एक वाटा, सौदा पूर्ण होईपर्यंत तरी, कॅनडातल्या नोकरदारांच्या पेन्शनच्या खात्यात जमा होत राहील.