गाडा किंवा जाळा

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात काम करीत असताना, बंद पडलेल्या एका रासायनिक कारखान्याच्या आवारातील माती उचलण्याची फाईल माझ्यापुढे आली. किती टन माती, किती ट्रक, किती फेऱ्या, प्रति टन दर काय, या सर्वांची त्यात बिनचूक नोंद होती. वजनकाट्याच्या पावत्या क्रमाने लावलेल्या होत्या. नव्हती ती एकच गोष्ट : माती उचलल्यानंतर खड्ड्याच्या तळाशी विष किती उरले, याची चाचणी. लेखाशाखेचा आक्षेप नव्हता आणि मार्च महिना संपत आला होता. मी सही केली. पुढच्या पावसाळ्यानंतर शेजारच्या वस्तीतील विहिरीच्या पाण्याला पुन्हा तोच वास येऊ लागला. ती सही मला आजही बोचते.

घातक रासायनिक कचऱ्याच्या बाबतीत आपल्या प्रशासनाला दोनच क्रियापदे येतात : गाडणे आणि जाळणे. तिसरे क्रियापद आहे विघटन करणे, आणि निसर्गात ते काम विकरे म्हणजे एन्झाइम करतात. एक विकर साधारणपणे एकाच प्रकारचा रासायनिक बंध तोडते. म्हणूनच त्याचा वापर करू पाहणाऱ्याला आधी सांगावे लागते की जमिनीत नेमके कोणते रसायन आहे. आमची कार्यालये मात्र एवढेच विचारतात की माल किती टन आहे.

हे ज्ञान परदेशी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. १९७३ साली फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने भातखाचरातील एक जिवाणू वेगळा केला. डायझिनॉन, पॅराथिऑन यांसारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके तो तोडत असे. अशा जिवाणूंमधील विकरांवर पुढे जगभर काम झाले. ऑस्ट्रेलियात तर त्याच कुळातील एक विकर भुकटीच्या रूपात, कीटकनाशकाने दूषित झालेले पाणी निर्विष करण्यासाठी बाजारात आले. सेतुनाथन यांच्याच कटक येथील गटाने १९९० साली एचसीएच, म्हणजे आपल्याकडे पूर्वी सर्रास मिळणारी गॅमेक्सिन पावडर, तोडणारा जिवाणू प्रसिद्ध केला.

एचसीएचची कथा प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. या मिश्रणातील फक्त गॅमा घटक, म्हणजे लिंडेन, कीटक मारतो. एक टन लिंडेन वेगळे काढले की सुमारे आठ ते बारा टन निरुपयोगी पण विषारी घटक मागे उरतात. भारताने मिश्र एचसीएचवर १९९७ साली, लिंडेनच्या उत्पादनावर २०११ साली आणि वापरावर २०१३ साली बंदी घातली. बंदीचा आदेश राजपत्रात छापला जातो. जमिनीतील कचऱ्याला तो वाचता येत नाही. लखनौजवळील उम्मरी गावी हा कचरा उघड्यावर टाकला गेला आणि भोवतालच्या मातीत पसरला.

याच विषावर दिल्ली विद्यापीठातील प्रा. रूप लाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे काम करीत आले. कटकच्या त्या जिवाणूच्या वंशातील स्फिंगोबियम इंडिकम बी ९० ए याच्या अंगी लिन-ए व लिन-बी ही विकरे आहेत. उसाच्या मळीवर हा जिवाणू वाढवायचा, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळायचा आणि मातीत घालायचा, अशी ती पद्धत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लहान खड्ड्यांत व दूषित शेतजमिनीत एचसीएचचे ८५ ते ९५ टक्के विघटन झाले. मळी आणि मक्याची कणसे ! या देशात याहून सुलभ कच्चा माल कोणता ?

यावर माझे सहकारी विचारतील की मग हे सर्वत्र का होत नाही. शास्त्रीय अडचणी आहेत आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. बीटा घटक फार चिवट असतो. शुद्ध विकर महाग असते व उघड्यावर लवकर निकामी होते. ढिगाऱ्यातील घट्ट कचऱ्यापुढे जिवाणूचे चालत नाही. त्याचे काम भोवतालच्या मातीत. पारा किंवा शिसे हे मूलद्रव्यच असल्याने ते कोणतेही विकर तोडू शकत नाही. परंतु या अडचणींची चर्चा करण्यापर्यंत आमच्या फाईली पोचतच नाहीत. त्या त्याआधीच निविदेच्या नमुन्यात अडकतात. सर्वांत कमी दर, टनावर देयक आणि ३१ मार्चपूर्वी खर्च. दोन-तीन हंगाम चालणारे काम या चौकटीत बसत नाही; ट्रक मात्र अगदी नेमका बसतो.

उलट बाजूचा मूर्खपणाही मी पाहिला आहे. एका नगरपालिकेने ‘एन्झाइम’ असे लेबल लावलेले कॅन खरेदी करून नाल्यात ओतले. कोणते विकर, कोणत्या रसायनासाठी, परिणाम काय, हे कोणी विचारले नाही. रिकामे कॅन मोजून देयक मंजूर झाले. विज्ञान नाकारणे आणि विज्ञानाच्या नावाने काहीही विकत घेणे, हे दोन्ही एकाच अज्ञानाचे प्रकार होत.

भोपाळ पाहा. डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, युनियन कार्बाइडच्या आवारातील ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन त्याच वर्षी जाळण्यात आला. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. पण नीरी व एनजीआरआय या आपल्याच संस्थांनी २०१० च्या सुमारास तेथील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला होता. त्या मातीत कार्बारिल आहे, एचसीएच आहे आणि पाराही आहे. पहिली दोन तुटू शकतात, तिसरा नाही. या सर्वांना ‘दूषित माती’ हे एकच नाव देऊन एकच निविदा काढणे म्हणजे सर्व रोग्यांना एकच गोळी देणे.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी देण्याची जबाबदारी स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनावर आली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु निविदेचा नमुना जुनाच राहिला, तर नव्या नियमांतूनही ट्रकच्या फेऱ्याच निघतील. म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत :

१. देयक उचललेल्या टनांवर नव्हे, तर जमिनीत व भूजलात उरलेल्या रसायनाच्या प्रमाणावर द्यावे. ते प्रमाण ठेकेदाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेने मोजावे.

२. प्रत्येक स्थळी कोणते रसायन कोठे आहे याचा नकाशा आधी व्हावा. पद्धत त्यानंतर ठरावी.

३. अशा कामांचा निधी किमान तीन वर्षे व्यपगत होऊ नये आणि काम संपल्यावर दोन पावसाळ्यांनंतरची चाचणी सक्तीची असावी.

यासाठी नवे मंत्रालय नको, नवा आयोगही नको. माझ्या त्या फाईलमध्ये एक रकाना वाढविला असता तरी पुरेसे होते : ‘उरले किती ?’ तो रकाना कोरा असताना मी सही केली. आपल्या टेबलावर उद्या अशी फाईल आली, तर कृपया करू नका.