सीट घेण्याआधी विचारा: कॉलेज की विद्यापीठ?

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत एकच हिशेब सुरू होतो. मुलाला इंजिनिअरिंगला घालायचं आहे, पैसे कुठून आणायचे? माझं म्हणणं आहे की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की पैसे कोणाला द्यायचे आणि त्या बदल्यात काय मिळणार?

मी स्वतः इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि फ्रेशर मुलांच्या मुलाखती घेतो. माझं मत स्पष्ट आहे. कोल्हापूरच्या साधारण मुस्लिम कुटुंबाने दागिने मोडून किंवा कर्ज काढून, पूर्ण फी भरून खासगी विद्यापीठाची सीट घेऊ नये. या विद्यापीठांत शिकवत नाहीत असं मी म्हणत नाही. पण तिथे पाऊल ठेवताच सरकारने दिलेला आपला हक्क बाहेर राहतो, आणि हे प्रवेशाच्या टेबलावर कोणी आपणहून सांगत नाही.

फरक नीट समजून घ्या. गोकुळ शिरगावचं केआयटी हे खासगी कॉलेज आहे. अतिग्रेचं संजय घोडावत विद्यापीठ (२०१७) आणि तळसंद्याचं डी. वाय. पाटील कृषी व तंत्र विद्यापीठ (२०२१) ही खासगी विद्यापीठं आहेत. बाहेरून पाहिलं तर सारखंच: मोठी इमारत, बस, वसतिगृह, फलकावर हसणारी मुलं. पण कागदावर फार मोठा फरक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खासगी कॉलेजात लागू होते. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप राउंडमधून असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलालाही अर्धं शिक्षण शुल्क सरकार देतं. मुलींसाठी तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठं मात्र या सवलतींतून वगळली आहेत.

म्हणजे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत राबणाऱ्या बापाची मुलगी कॅपमधून खासगी कॉलेजात गेली तर तिचं शिक्षण शुल्क शून्य. तीच मुलगी खासगी विद्यापीठात गेली तर पूर्ण. शहर तेच, पदवी बी.टेक.च.

आता उलट बाजूचा हिशेब करू. समजा वर्षाला अडीच लाख, म्हणजे चार वर्षांत दहा लाख. दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला साधारण १६,६०० रुपये. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत फ्रेशरचा पगार गेली कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास अडकला आहे. हातात पंचवीस हजार आले, तर हप्ता जाऊन साधारण ८,४०० रुपये उरतात. त्यात पुण्यात खोली, मेस आणि घरी काय पाठवणार? व्याज नको म्हणून कर्ज टाळणाऱ्या घरांत अम्मीचे दागिने किंवा गावाकडची जमीन जाते. त्या पैशाला हप्ता नसतो, पण तो परतही येत नाही.

"पण प्लेसमेंट चांगलं आहे म्हणे." कोणतं? फलकावर एका मुलाचं सर्वोच्च पॅकेज असतं. तुम्ही मधला पगार विचारा. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला किती मुलांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, ही माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ती उघडून पाहा. नसेल तर का नाही, हे प्रवेश कार्यालयात विचारा. टीसीएससारख्या कंपन्यांची परीक्षा राष्ट्रीय पातळीवर असते. तिथे आणि माझ्यासमोर मुलाखतीत मुलगा कोड लिहितो की नाही, एवढंच चालतं. त्याच्या कॅम्पसचं गेट किती मोठं होतं, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

"सीईटीला मार्क कमी पडले, मग काय करणार?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर आहे. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीनंतर शिवाजी विद्यापीठाचा तंत्रज्ञान विभाग, सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय कॉलेज हे पर्याय यादीत वर ठेवा, मग खासगी कॉलेजं. हवी ती शाखा नाही मिळाली तरी चालेल. मेकॅनिकलची कितीतरी मुलं आज उत्तम सॉफ्टवेअर लिहितात. खासगी विद्यापीठ स्वतःच मोठी शिष्यवृत्ती देत असेल तर जरूर जा, पण चारही वर्षांची अट लेखी घ्या.

शेवटचा मुद्दा आपल्या जमातीसाठी. सवलती बुडतात त्या मार्कांमुळे कमी आणि कागदांमुळे जास्त. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन हे समाज ओबीसीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं, आणि जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचं रजिस्टर शोधायला जूनमध्ये निघालात तर सीट गेलीच समजा. जे ओबीसीत नाहीत त्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो, हेही अनेकांना माहीत नसतं.

१९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली तेव्हा शाहू महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. आपली मुलं शिकावीत म्हणून राजाने तेव्हा वसतिगृहाची सोय केली. आज आपल्याला राजा नको, एक टेबल हवं. प्रत्येक मशिदीत, प्रत्येक मोहल्ल्यात डिसेंबरपासून दाखले तपासणारं आणि प्रवेशाच्या वेळी कॅपचे पर्याय भरून देणारं टेबल. नोकरीला लागलेल्या आम्हा इंजिनिअरांनी रविवारचे दोन तास दिले तरी ते चालेल.

आणि तुम्ही, जे यंदा बारावीला आहात, कोणतीही पावती फाडण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही संस्था कॉलेज आहे की विद्यापीठ? माझा प्रवेश कॅपमधून होतोय का? चार वर्षांची एकूण फी किती आणि गेल्या वर्षीचा मधला पगार किती? उत्तर टाळलं गेलं, तर उठून घरी या.