सौरडागांची वही शाळेत हवी

आदित्य-एल१ अवकाशातून सूर्यावर नजर ठेवून असताना गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीतून सौरडाग मोजायचे कशाला, हा प्रश्न वाजवी आहे. पण सौरडागांच्या नोंदी चारशे वर्षांमागे जातात आणि त्यांतल्या बहुतेक छोट्या दुर्बिणींतूनच झालेल्या आहेत. जुन्या आकड्यांशी आजचे ताडायचे, तर मोजणीची तीच रीत चालू राहायला हवी. म्हणूनच सौरडागांचा जागतिक आकडा ठरवताना ब्रुसेल्सची वेधशाळा आजही हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेते. डागांचे चक्र मुळात उमगले तेही जर्मनीतल्या देसाऊ गावच्या हाइनरिख श्वाबे या औषधविक्रेत्याला. तो शोधत होता बुधाच्याही आतला ग्रह. तो सापडला नाही (सापडणारच नव्हता), पण १८२६ ते १८४३ या काळातल्या नोंदींतून सुमारे दहा वर्षांचे चक्र हाती लागले.

डोळ्यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. दुर्बिणीतून थेट सूर्य पाहिला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. नेत्रिकेला लावायचे गडद फिल्टर उष्णतेने तडकतात, ते नकोतच. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर प्रमाणित सौरफिल्टर घट्ट बसवावा, किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रतिमा कागदावर पाडावी. ती सगळ्या वर्गाला एकदम दिसते, आणि डाग पेन्सिलीने तिथेच गिरवता येतात. पावसाळा सोडला तर आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. शाळेची दुर्बीण ग्रहणापुरतीच कपाटाबाहेर काढण्याचे कारण उरत नाही.