कढई एक, वेळा वेगळ्या

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. असं वजा करत गेलं की आपल्याकडच्या कितीतरी सामिष घरांत कामाच्या आठवड्यात चिकनच्या वाट्याला बुधवार आणि शुक्रवार एवढेच दिवस उरतात. रविवारच्या रश्शाची गोष्ट निराळी, त्याच्या दिमतीला अख्खी सकाळ असते. बुधवारी साडेसातला दारात चपला काढणाऱ्या माणसाजवळ वाटेत घेतलेलं अर्धा किलो चिकन असतं, फ्रिजमध्ये पाव-पाव उरलेल्या भाज्या असतात आणि रात्री भांड्यांचा ढीग घासायची मुळीच इच्छा नसते. वर्ग घेणारी आणि पाककृती लिहिणारी आपण मंडळी याच माणसाला ‘एका कढईतलं झणझणीत चिकन’ शिकवतो. या प्रकारच्या पाककृती सध्या आमच्याकडे भरपूर येतात. त्यांतल्या बऱ्याच एकाच जागी फसलेल्या असतात. मसाल्याबद्दल दहा ओळी आणि पाण्याबद्दल एकही नाही.

कच्च्या चिकनच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. फ्लॉवर, फरसबी, सिमला मिरची यांच्यात ते नव्वद टक्क्यांच्या घरात जातं. हे सगळं एकदम कढईत लोटलं की पाच मिनिटांत तळाशी पाणी सुटतं आणि ते असेपर्यंत कढईतलं काहीही शंभर अंशांच्या वर जात नाही. मांसाला खमंग तांबूस रंग यायला मात्र एकशे चाळीसच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे आपण परततोय असं समजत असतो आणि प्रत्यक्षात चिकन उकडत असतं. मग मुलगी फोन करते, ‘मॅडम, तुमच्यासारखा रंग नाही आला’, आणि आपण तिला आणखी एक चमचा काश्मिरी तिखट घालायला सांगतो. तिखटाने रंग येईल, खमंगपणा कुठून येणार? (या तांबूसपणामागची रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली मांडली. मिरचीचा तिखटपणा मोजण्याची अमेरिकन औषधशास्त्रज्ञ स्कोव्हिल यांची पद्धतही १९१२चीच. झणझणीत चिकनच्या दोन्ही बाजू एकाच वर्षी प्रयोगशाळेत पोचल्या म्हणायच्या.)

म्हणून वर्गात पहिला धडा क्रमाचा असावा. अर्धा किलो चिकन आणि जवळजवळ तेवढ्याच भाज्या असतील तर भांडं पसरट हवं, २८ सेंटीमीटर रुंद तरी. बिडाचं किंवा जाड लोखंडी मिळालं तर उत्तमच. चिकन स्वच्छ फडक्याने कोरडं टिपायचं आणि फक्त मीठ-हळद लावायची. आलं-लसणाची गोळी आधी चोळून ठेवायची आपली सवय रश्शाला चांगली, इथे ती चिकनच्या आधी करपते. तेल चांगलं तापलं की तुकडे एकेक करून, एकमेकांना न चिकटवता मांडायचे आणि हात मागे घ्यायचा. शिकणाऱ्यांना सगळ्यात जड जातं ते हेच. कालथा हातात आला की तो हलवल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. त्यांना कानाने शिकवा. सुरुवातीचा चर्र आवाज तीन-चार मिनिटं तसाच टिकला तर ठीक चाललंय. तो बसून बुडबुड सुरू झाली तर गर्दी झाली आहे, अर्धे तुकडे बाहेर काढा. तळाला पकडलेला तुकडा रंग आला की बहुधा आपणच सुटतो, ओढाताण करावी लागत नाही.

दोन्ही बाजू तांबूस झाल्या की चिकन ताटलीत काढायचं. ‘एका कढईत’ म्हणून जाहिरात केलेल्या पाककृतीत ताटली आली म्हणून कुणी हसेल, हसू द्या. आता त्याच तेलात गाजर आणि फ्लॉवरचे तुरे, थोडं मीठ, चार मिनिटं झाकण. भाजीला सुटलेल्या ओलाव्याने चिकनचा तळाला धरलेला तांबूस थर सुटतो आणि भाजीला लागतो. एकाच भांड्यात करण्याचा खरा फायदा तो, भांडी वाचणं हा वरचा नफा. मग फरसबी, मग कांद्याच्या मोठ्या पाकळ्या, मग आलं-लसूण, मग मसाला. चिकन परत आत, आणि शेवटच्या दोन मिनिटांना सिमला मिरची. झाकणावर पाणी ठेवून शिजवायची आपली जुनी रीत अंगच्या पाण्यात शिजणाऱ्या भाजीला उत्तम. इथे शेवटी झाकण नकोच.

हाडाचं की बोनलेस, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहोत. मी मांडीच्या बोनलेसच्या बाजूने आहे. दुकानदाराला नुसतं ‘बोनलेस’ म्हटलं की तो छातीचं देतो आणि ते जरा जास्त वेळ राहिलं की भुसा होतं. ‘मांडीचं’ असं तोंडाने सांगायला शिकवा, दोन पैसे जास्त पडले तरी. हाडासकट करी-कटला वेळ जास्त लागतो, आणि तोवर भाज्यांचं काय होतं ते आपण जाणतो. शिवाय कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही लालसर छटा राहू शकते, त्यामुळे नवशिक्याला नुसत्या रंगावरून अंदाज येत नाही. अमेरिकी कृषी खात्याचा निकष तुकड्याच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअसचा आहे. वर्गात एक खुपसायचा थर्मामीटर ठेवायला हरकत नाही.

‘चिकनमध्ये भाज्या? हे कुठलं साहेबी खाणं?’ ही हरकत वर्गात येतेच. उत्तर रायगडात आहे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की अलिबागपासून रोह्यापर्यंत शेतांत पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. तोंड पुन्हा पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालत नाहीत, पाला, शेंगा आणि चिकन यांच्याच वाफेवर सगळं होतं. भांडं एक, भाज्या आणि चिकन एकत्र, पाण्याचा हिशेब चोख. फरक एवढाच की मडकं सगळं एका वेळी शिजवतं, कारण त्यातला प्रत्येक जिन्नस तेवढा वेळ सोसणारा निवडलेला असतो. सिमला मिरची कुणी पोपटीत घालत नाही.

तिखटाबद्दल थोडं. रश्शाच्या पाककृतीतलं तिखट जसंच्या तसं या कोरड्या प्रकारात घालू नका. तिथे ते तांब्याभर पाण्यात पसरतं, इथे तुकड्या-तुकड्याला चिकटून बसतं. निम्म्यापासून सुरुवात करा. मिरचीतला जहालपणा तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून पूड तेलाला लागायला हवी, पण कांदा-लसूण मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात आणि ते कोरड्या तापल्या कढईत बघता बघता काळे पडतात. दोन चमचे पाण्यात किंवा दह्यात कालवून, आच मंद करून घाला. रंगाला ब्याडगी, जहालपणाला लवंगी किंवा हिरवी मिरची असे दोन हिशेब वेगळे ठेवले की एकाच घरातली लहान मुलं आणि आजोबा दोघांचंही निभतं: कढई बेताची ठेवायची आणि ताटात ठेचा वेगळा वाढायचा. आणि बिया काढल्या की मिरची सौम्य होते हा समज आता वर्गांतून हद्दपार करू या. जहालपणा मुख्यतः बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत असतो.

चिकन धुण्याचा विषय अवघड आहे. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१४ मध्ये, कच्चं चिकन धुऊ नका, उडणाऱ्या शिंतोड्यांतून कॅम्पिलोबॅक्टर पसरतो, असं लोकांना बजावलं. शास्त्र पक्कं आहे, पण न धुतलेलं चिकन कढईत घाला असं मराठी घरात सांगून बघा. तेव्हा निदान एवढं शिकवू: नळाखाली धरू नका, पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, नंतर ओटा आणि सिंक साबणाने घासा. जास्त लक्ष मला विळी-पाटाकडे द्यावंसं वाटतं. ‘सगळं एकाच कढईत जाणार’ म्हणून लोक चिकन आणि भाज्या एकाच पाटावर चिरतात. ते शिजतं, निभावतं. पण त्याच पाटावर नंतर वरून घालायची कोथिंबीर, लिंबू आणि कोशिंबिरीची काकडी येते, ती कुठे शिजते? भाज्या आणि कोथिंबीर आधी, चिकन शेवटी, हा चिरण्याचा क्रमही पाककृतीत लिहिला पाहिजे.

आता वेळ. २०१२ मध्ये टॉम स्कोका या अमेरिकन पत्रकाराने ‘स्लेट’मध्ये पाककृती लिहिणाऱ्यांना चांगलंच धारेवर धरलं होतं. कांदा तपकिरी व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात असं छापायचं, आणि प्रत्यक्षात जायचा अर्धा तास किंवा त्याहून जास्त. आपण त्यातलेच. ‘२० मिनिटांत तयार’ या ओळीत चिरणं, टिपणं, मसाला शोधणं यांचा वेळ धरलेलाच नसतो, आणि साडेसातला घरी आलेल्या माणसाला नेमका तोच हवा असतो. या कढईला चिरण्यासकट पाऊण तास लागतो. तेवढाच लिहा. कमी करायचा असेल तर भाज्या आदल्या रात्री चिरून ठेवायला सांगा, आणि भात-पोळीच्या फंदात न पाडता सोबत पाव आणवा.

फेब्रुवारी अंकासाठी याच प्रकारच्या पाककृती मागवत आहोत. भांड्याची रुंदी, चिकनचा कोणता भाग, प्रत्येक भाजी कितव्या मिनिटाला आत जाते आणि चिरण्यासकट लागलेला वेळ, या नोंदी नसतील तर पाककृती परत पाठवली जाईल. ‘चवीनुसार मीठ’ मात्र चालेल, त्यावर संपादक मंडळात एकमत होत नाही.