कपाटाची किल्ली कोणाकडे?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा प्रकरणात शिक्षणसंस्थांना पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमा, हा त्यांतला गाजलेला निर्देश. त्याच यादीत आणखी एक आहे, त्याची चर्चा फारशी झाली नाही. किती मुलांना मदत केली, किती जणांना पुढे तज्ज्ञांकडे पाठवलं, याच्या नोंदी नावं वगळून ठेवायच्या आणि वार्षिक अहवाल संबंधित खात्याला किंवा मंडळाला द्यायचा. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या शाळांना शंभराची अट म्हणजे काहीच नाही. इथे एकेका इयत्तेत तेवढी मुलं असतात. म्हणजे समुपदेशक आले आणि नोंदीही आल्या. पण नाव वगळायचं तर आधी ते कुठल्यातरी वहीत लिहिलेलं असतं. ती वही कोणाच्या कपाटात राहणार आणि किल्ली कोणाकडे, हे ज्या शाळेने लेखी ठरवलंय तिचा सत्कार करायला हरकत नाही.

सध्याचा रिवाज काय, तर समुपदेशक आठवड्यातून एक-दोन दिवस येतात आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसतात. दोन पाळ्यांच्या शाळेत रिकामी खोली आणायची कुठून? शिपाईकाका वर्गाच्या दारात उभे राहून खणखणीत आवाजात नाव घेतात, ‘कौन्सेलर मॅडमनी बोलावलंय.’ सगळा वर्ग मान वळवून बघतो. मुलगी अजून एक शब्द बोललेली नसते. परत येते तेव्हा बाकावर शेजारणीचा पहिला प्रश्न तयार असतो. मग येते ती वही. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता-तुकडी, समस्या, केलेली कार्यवाही, शेरा, शेवटी मुख्याध्यापकांची सही. ‘समस्या’ या बोटभर रुंद रकान्यात ‘वडील दारू पितात, घरी भांडणे’ एवढं बसतं. ही वही तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडायची असते, म्हणून ती लिहिली जाते. ‘कोणाला सांगू नका हं’ असं म्हणून सांगितलेली गोष्ट त्या दिवशी साहेब, लिपिक, पर्यवेक्षक असे सगळे चहाबरोबर वाचतात. दोष एकट्या समुपदेशकाचा नाही. कंत्राटावर आलेल्या बाईंनी मुख्याध्यापकांना ‘ही वही तुम्हाला दाखवता येणार नाही’ असं कुठल्या बळावर म्हणायचं?

कायद्याचं बळ पाहायला जावं तर तेही तोकडंच. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मधलं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं, पण तो मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला. गणिताला घाबरणारा आठवीतला मुलगा त्यात बसत नाही आणि बसू नये हेच बरं. वकिलाला अशिलाचं बोलणं न्यायालयातही गुप्त ठेवता येतं. समुपदेशकाला ती मुभा साक्षीपुराव्याच्या कायद्यात नाही. मुलाच्या ताब्यावरून आई-वडील कुटुंब न्यायालयात भांडू लागले आणि समन्स आलं, तर वही न्यावी लागते. 2023चा डिजिटल वैयक्तिक विदा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबाबत कडक आहे, पण नावाप्रमाणे तो डिजिटल माहितीपुरता. जाड पुठ्ठ्याची वही त्यातून सहज सुटते. शाळेच्या सामाईक संगणकावर पासवर्ड न घालता ठेवलेली एक्सेल फाईल मात्र यथावकाश त्यात सापडेल.

इथल्या पालकांची भीती जुनी आहे. मनोरुग्णालय 1901पासून ठाण्यात आहे आणि ‘ठाण्याला पाठवा याला’ हा विनोद मराठी माणसाने पिढ्यानपिढ्या केला. 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही संस्था याच शहरात काढली आणि मनाच्या आरोग्याविषयी उघड बोलायची सवय लावली, हेही खरं. तरी समुपदेशकाकडे मुलाला पाठवायचं म्हटलं की आई हळूच विचारते, ‘दाखल्यावर काही येणार नाही ना?’ तिला हसू नये. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतोच.

आता याची दुसरी बाजू. गोपनीयतेबाबत इतकी ढिली असलेली शाळा स्वतःच्या अब्रूचा प्रश्न आला की कमालीची गुप्त होते. कल्याणच्या पुढे तीन-चार स्थानकांवर बदलापूर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं आणि 20 ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेने वेळेवर पोलिसांना का कळवलं नाही हा प्रश्न तिथे निघाला आणि संस्थाचालकांवरही पोक्सो या मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कळवणं ऐच्छिक नाही. पोक्सो कायद्याच्या कलम 19प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायचंच. न सांगितल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद वर्षभरापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात एका डॉक्टरवरचा असा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निकाल फिरवला.

तेव्हा ‘इथे बोललेलं सगळं आपल्या दोघांतच राहील’ असं मुलाला सांगणारा समुपदेशक पहिल्याच मिनिटाला खोटं बोलतो. जिवाला धोका असेल आणि कोणी अंगाला हात लावला असेल, तर मला पुढे सांगावं लागेल, हे आधीच सांगायला हवं, तेही मुलाला कळेल अशा भाषेत. यात एक अवघड जागा आहे. सोळा-सतरा वर्षांची दोघं आपखुशीने जवळ आलेली असली तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच, आणि कळवण्याची सक्ती तिथेही लागू. अकरावीतली मुलगी हे एकदा ऐकते आणि पुन्हा त्या खोलीकडे फिरकत नाही. यावर समुपदेशकाकडे उतारा नाही. तो संसदेने काढायचा आहे. पण न सांगता ऐकून घ्यायचं आणि मग पोलिसांना कळवायचं, हा विश्वासघात तरी टळतो.

कटकट नको म्हणून काहीच न लिहिण्याकडे काही समुपदेशकांचा कल असतो. तेही घातक. बाई कंत्राट संपून गेल्या की नव्या बाईंपुढे मूल पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगतं. शिवाय अत्याचाराच्या प्रकरणात मूल कोणत्या दिवशी, नेमक्या कोणत्या शब्दांत बोललं, समोरच्याने पुढे कोणाला कळवलं, याला मोल असतं. तिथे समुपदेशकाचे अंदाज नकोत, मुलाचे शब्द हवेत. उलट परीक्षेच्या धास्तीने आलेल्या मुलाच्या घरच्या भानगडी दोन पानं भरून लिहिण्याचं कारण नाही. तपासणीसाठी एक वही ठेवावी, तिच्यात नावाऐवजी क्रमांक, तारीख, इयत्ता, पुढे पाठवलं की नाही, बस्स. दुसरी समुपदेशकाच्या कुलपात. मुख्याध्यापकांना काय कळवायचं ते मागितल्यावर, कारणापुरतं आणि लेखी. शिक्षण खात्याने ठरवलं तर हे एका पानाच्या परिपत्रकाचं काम आहे. याहून क्षुल्लक विषयांवर ती निघतात.

त्याच पानावर आणखी एक ओळ लागेल. दहावीनंतर मूल दाखला घेऊन कॉलेजला जातं आणि वही शाळेतच राहते. ती किती वर्षं ठेवायची, कोणी आणि कोणासमोर नष्ट करायची, हे आज कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे ती जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बांधली जाते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीवाला किलोच्या भावाने घेऊन जातो.