पोटुशीची कंबर आणि घरच्यांना विनंती

मार्गळी महिन्यात पहाटे तंजावरच्या गल्ल्यांतून निघालात तर दारोदारी बायका कंबरेतून वाकून मोठमोठी कोलमं, म्हणजे तमिळ रांगोळ्या, घालताना दिसतील. त्यांत कुणी सातव्या-आठव्या महिन्याचीही असते. तिच्या घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: यंदा कोलम दुसऱ्या कुणीतरी घाला.

‘या दिवसांत कंबर दुखायचीच’ म्हणून आपण विषय संपवतो. निम्म्याहून अधिक गरोदर बायकांची कंबर दुखते हे खरं, पण ते मुकाट सोसायला हवं असं कुठे आहे? बाळंतपणाच्या तयारीत कटीच्या सांध्यांचे बंध सैल होतात. पोट वाढतं तसा भार पुढे जातो, तोल राखायला बाई पाठ मागे टाकते आणि ताण कंबरेवर येतो. दुखणं असं उठण्या-बसण्यातून येतं, म्हणून उताराही बराचसा तिथेच मिळतो. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पाचव्या महिन्यानंतर यांतल्या काही गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

झोपताना कुशीवर झोपावं, दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी घ्यावी, पोटाखाली हवी तर दुसरी. उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्यानं उठावं. एवढ्यानंही अनेकींना फरक जाणवतो. ओट्याशी फार वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय आलटून पालटून पाटावर ठेवावा. खालची वस्तू गुडघ्यांत वाकून उचलावी. पाण्याची भरलेली घागर तिनं उचलूच नये. हातापायांवर ओणवं होऊन पाठ हळूच वर उचलायची आणि पुन्हा सपाट करायची, हा व्यायाम डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज करावा. संध्याकाळी दगड निवल्यावर मोठ्या देवळाच्या आवारात सावकाश फेऱ्या माराव्यात. शेक घ्यायचा तो कोमट, कापडात गुंडाळलेल्या पिशवीचा, कंबरेवर. पोटावर नाही. तिरुक्करुकावूरला गर्भरक्षाम्बिकेच्या दर्शनाला जायचं तर पाठीमागे उशी घ्या आणि वाटेत गाडी थांबवून तिला चार पावलं चालू द्या.

बाळ झालं की कंबर सुटली असं समजू नका. सैल झालेले सांधे पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, आणि त्यातच दिवसरात्र पाजणं सुरू होतं. बाळंतीण बाळावर ओणवते, तिथेच पाठ धरते. पाठीला टेका, मांडीवर उशी, आणि बाळाला छातीशी वर आणायचं. झोळी फार खाली बांधू नका. तेलानं हलकं चोळणं सुखाचं असतं. पोट आवळून बांधणं आणि बंद खोलीतली धुराची शेगडी मात्र सोडाच. सिझेरियन झालं असेल तर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायला देऊ नका.

विश्रांती म्हणजे लाड, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपल्याच राजांची आठवण करून देते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तंजावरच्या छत्रांची, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांची, व्यवस्था सांगितली आहे. वाटेनं जाणारी गरोदर बाई तिथे आली तर तिचं बाळंतपण छत्राच्या खर्चानं होई, औषधपाणी मिळे आणि पुढे तीन महिने तिला तिथे राहता येई. अनोळखी वाटसरू बाईला राजानं दिलेले तीन महिने आपण घरच्या लेकीसुनेला का देऊ नयेत? नवऱ्यानं पाणी भरावं, सासूबाईंनी रात्री एकदा बाळ घ्यावं.

मात्र काही दुखणी घरी थांबण्याची नसतात. दिवस भरण्याआधी कंबरेत कळा ठरावीक अंतरानं येऊ लागल्या, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, पाय बधिर पडला, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा बाळंतपणानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर शेक-मालीश करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि राजा मिरासदार रुग्णालय किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.