वानखेडेवर आपली खुर्ची कुठे?

२ एप्रिल २०११. नुवान कुलसेकराचा चेंडू महेंद्रसिंह धोनीने प्रेक्षकांत भिरकावला आणि २८ वर्षांनी विश्वचषक भारतात आला. त्या रात्री वानखेडे स्टेडियमची क्षमता होती सुमारे ३३ हजार. सर्वसामान्यांसाठी खुल्या विक्रीला ठेवलेली तिकिटं होती चार हजार.

बाकीच्या खुर्च्यांचा मोठा वाटा मुंबई क्रिकेट असोसिएशनशी संलग्न क्लबांकडे गेला, काही हजार आयसीसीकडे, उरलेल्या इतर मानकऱ्यांकडे. लपूनछपून काही झालं नाही. वाटपाचे आकडे आधीच वर्तमानपत्रांत छापून आले होते. ऑनलाइन विक्री सुरू झाली तेव्हा संकेतस्थळ गर्दीने कोलमडलं. त्याच आठवड्यात बंगळुरूला भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी रात्रभर रांगेत थांबलेल्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या.

'आयुष्यात एकदा तरी मोठी मॅच मैदानावर बसून बघायची' ही इच्छा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. बाबांनी रेडिओवर ऐकलेलं, मुलाने टीव्हीवर पाहिलेलं मैदान चर्चगेट स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर. त्यासाठी पैसे बाजूला टाकणारे आहेत, रजा राखून ठेवणारे आहेत, सोलापूर-कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने यायला तयार असणारेही आहेत. त्यांची वाट अडते ती बहुतेक वेळा पैशांपाशी नाही, अंतरापाशीही नाही. तिकीट खिडकी उघडण्याआधीच खुर्च्या वाटून झालेल्या असतात, तिथे ती अडते. मग सुरू होतं 'कुणाकडे पास आहे का?' हे घरोघरचं फोनसत्र.

आणि हे वानखेडेवर व्हावं, याचं वाईट जास्त वाटतं. कारण हे स्टेडियम उभं राहिलं तेच मुळात तिकिटांच्या भांडणातून. मुंबईतल्या कसोटी तेव्हा ब्रेबॉर्नवर होत. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामना भरवणारी संस्था बॉम्बे (म्हणजे आजची मुंबई) क्रिकेट असोसिएशन. आपल्या वाट्याला पुरेशा जागा येत नाहीत, ही असोसिएशनची जुनी तक्रार. शेषराव वानखेडे अध्यक्ष असताना वाद विकोपाला गेला आणि ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधायचं ठरलं. शशी प्रभूंच्या आराखड्यानुसार ते साधारण वर्षभरात उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. जागांच्या न्याय्य वाटपासाठी ज्या संस्थेने अख्खं स्टेडियम बांधलं, तिच्याच दारात पुढे सामान्य प्रेक्षक हात हलवत उभा राहिला.

क्लबांची बाजू खोटी नाही. आझाद मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क इथे भर पावसात कांगा लीग खेळवणारे, खेळपट्टीवर रोलर फिरवणारे, पोरांना फुकट नेट देणारे हेच क्लब. मुंबईचं क्रिकेट त्यांच्या जिवावर उभं आहे. त्यांचा वाटा त्यांना मिळालाच पाहिजे. पण ३३ हजारांत लोकांसाठी चार हजार, हे प्रमाण कुठल्याही तर्काने समर्थनीय ठरत नाही.

२०२३ च्या विश्वचषकात तऱ्हा वेगळी होती, मनस्ताप तोच. स्पर्धेचं वेळापत्रक जाहीर झालं जेमतेम १०० दिवस आधी. इंग्लंडने २०१९ च्या स्पर्धेचं वेळापत्रक वर्षभराहून आधी दिलं होतं. त्यात भर म्हणजे, ऑगस्टमध्ये २०२३ च्या स्पर्धेतल्या नऊ सामन्यांच्या तारखा किंवा वेळा बदलल्या. अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना नवरात्रीमुळे १५ ऑक्टोबरवरून १४ वर आला. विमान आणि हॉटेल आधीच करून बसलेल्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. विक्रीच्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावर रांग दिसायची, आपल्यापुढे किती लोक आहेत तो आकडा दिसायचा आणि तासाभराने 'सोल्ड आउट'. एकूण तिकिटं किती विक्रीला आहेत, ते मात्र त्या पडद्यावर कुठेच नसायचं.

इच्छा पुरी होऊ शकते, हे दाखवलं नवी मुंबईने. २०२५ च्या महिला विश्वचषकात साखळी सामन्यांची तिकिटं १०० रुपयांपासून होती. २ नोव्हेंबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना होता. पावसामुळे तीनचा खेळ पाचला सुरू झाला, तरी लोक हलले नाहीत. पाठीवर 'स्मृती १८' लिहिलेल्या निळ्या जर्सीतल्या शाळकरी मुली, त्यांचे आईवडील, कधीच स्टेडियमची पायरी न चढलेल्या आज्या. शफाली वर्माच्या ८७ धावा, अमनजोतने दोनदा हातातून उसळलेला दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वुल्वार्टचा झेल तिसऱ्या प्रयत्नात पकडणं, दीप्ती शर्माचे पाच बळी आणि मध्यरात्रीच्या सुमारास ५२ धावांनी विजय. जवळपास ४० हजार लोकांनी तो डोळ्यांनी पाहिला. २०१३ मध्ये याच स्पर्धेचे सामने रणजी अंतिम फेरीसाठी वानखेडेवरून हलवले गेले होते, हे आठवलं की नेरुळच्या गर्दीचं मोल अधिक कळतं. स्वस्त तिकीट आणि खुली विक्री यांनी एक नवा प्रेक्षकवर्ग मैदानावर आणला. हे पुरुषांच्या मोठ्या सामन्यांतही जमवता येईल.

विम्बल्डनसारखी मानमरातब जपणारी स्पर्धाही हे करते. तिथे १९२४ पासून तिकिटांची सोडत निघते. शिवाय शेवटचे चार दिवस वगळता सेंटर कोर्टाची सुमारे ५०० तिकिटं रोज रांगेतल्यांसाठी राखलेली असतात. लोक आदल्या रात्री शेजारच्या पार्कात तंबू ठोकतात, हातात क्रमांकाचं कार्ड मिळतं, कुणी मध्ये घुसत नाही. संध्याकाळी लवकर निघालेल्यांच्या जागा पुन्हा थोडक्या पैशांत विकल्या जातात आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. ओळख नसलेल्या माणसालाही तिथे ठाऊक असतं की आपल्याला संधी आहे.

२०३० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत, मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर. २०३१ चा पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषक भारत आणि बांगलादेशात आहे. तयारीला वेळ भरपूर आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनने आणि बीसीसीआयने आत्ताच ठरवावं: प्रत्येक मोठ्या सामन्याच्या निम्म्या खुर्च्या खुल्या विक्रीला, त्यातला ठरावीक भाग सोडतीने, आणि कुणाला किती जागा दिल्या याचा तक्ता विक्रीच्या आधी संकेतस्थळावर.